कॉपियरचं स्कॅनिंग बंद पडलंय आणि सगळे म्हणतायत "सिक्युरिटी काढून टाक"

सर्व्हररूम_सांगली

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. सर्व्हर, शाखांचं नेटवर्क, प्रिंटर, सीसीटीव्ही, यूपीएसच्या बॅटऱ्या, सगळं एकट्याकडे. प्रश्न निम्मा तांत्रिक आणि निम्मा माणसांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या कर्ज विभागातले संगणक इतके जुने की त्यांच्यावर विंडोज ११ चढेना, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यांच्यात नाही. संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय लावून घेतला, मंजुरी मिळाली, नवे संगणक आले. विंडोज ११ प्रो. ते जोडले त्या दिवसापासून कॉपियरवरून शेअर्ड फोल्डरमध्ये स्कॅन जात नाही. कॉपियरच्या पडद्यावर "पाठवता आले नाही" इतकंच येतं. का, ते नाही.

एका कर्जप्रकरणात काय काय असतं ते इथल्या बँकवाल्यांना सांगायला नको. सातबारा, आठ-अ, जामीनदारांचे आधार आणि पॅन, पगारपत्रक, सह्यांचे नमुने. हे रोज स्कॅन होतं. ते बंद पडल्यावर काउंटरवरच्या लोकांनी मार्ग काढला: आपल्या मोबाइलवर फोटो काढायचा, ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, तिथून संगणकावर उतरवून घ्यायचा. आमच्या शिपाईदादांच्या फोनच्या गॅलरीत, नातीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधोमध, एका जामीनदाराचं आधार कार्ड मला दिसलं. दोन्ही बाजू, नंबर अगदी स्पष्ट. दादांना मी काही बोललो नाही. समोर माणूस उभा होता, काम उरकायचं होतं, आणि संस्थेनं त्यांना दुसरं साधन दिलं नव्हतं.

कॉपियर देणाऱ्या एजन्सीचा मुलगा येऊन गेला. म्हणाला, "जुना एसएमबी चालू करा, फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल द्या, पासवर्ड काढा, फायरवॉल बंद करा. दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही सगळीकडे असंच करतो." (एसएमबी म्हणजे विंडोजमध्ये नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत. एव्हरीवन फुल कंट्रोल म्हणजे कुणालाही त्या फोल्डरमध्ये काहीही करायची मुभा.) मी नाही म्हटलं. तेव्हापासून मॅनेजरसाहेबांचं एकच पालुपद: "कालपर्यंत चालत होतं ना?"

हे वाक्य मला फार लागतं. दार वर्षानुवर्षं उघडं होतं आणि चोर आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा कॉपियर घेतला तेव्हा कोटेशनमध्ये मिनिटाला किती कॉपी, टोनर केवढ्याला आणि एएमसी किती, एवढंच पाहिलं गेलं. मशीन नेटवर्कला लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे कुणी विचारलं नाही. हजेरीचं बायोमेट्रिक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफायचे डबे, सगळ्यांची खरेदी अशीच होते. खरेदी वेगळाच माणूस करतो आणि पुढची दहा वर्षं ते निस्तरतो आम्ही.

तर, (अ) दारं न उघडता स्कॅनिंग कसं चालू करू? (आ) खरेदीच्या वेळी तुमच्याकडे हे कुणी, कसं बदलून घेतलंय?

टोनरड्रम_कोल्हापूर

सर, मी कॉपियर सर्व्हिसमध्ये आहे. त्या मुलानं जे सांगितलं ते आमच्या लाइनीत रोज सांगितलं जातं. त्याला दिवसाचे कॉल पुरे करायचे असतात. स्कॅन गेला की कॉल क्लोज. नेटवर्कचं ट्रेनिंग त्याला कुणी देत नाही. फ्यूजर, ड्रम, रोलर एवढंच शिकवतात आणि साइटवर पाठवतात.

आधी नेमकं कुठं अडतंय ते बघा. तीन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली म्हणजे एसएमबीची आवृत्ती. एसएमबी १ नव्या विंडोजमध्ये २०१७ पासूनच आपोआप येत नाही. दुसरी, सायनिंग. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एसएमबी जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली, आणि जुन्या मशीनला ती करता येत नाही. तिसरी, लॉगिन. एनटीएलएम या लॉगिन तपासायच्या पद्धतीची पहिली आवृत्ती २४एच२ मध्ये काढूनच टाकली आहे, आणि गेस्ट म्हणून, बिनपासवर्डचं आत शिरणंही बंद.

ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाका, अ‍ॅडमिननं लॉगिन करा, नेटवर्कच्या पानावर जा. पुष्कळ मशीनमध्ये एसएमबी २ आणि ३ चा पर्याय असतो, पण फॅक्टरीतून बंद येतो. एनटीएलएमही व्ही२ वर करायला लागतं. मशीनची तारीख आणि वेळ बघाच. आतली बॅटरी गेली की तारीख मागं जाते आणि लॉगिन नाकारलं जातं. फोल्डरसाठी संगणकावर वेगळा युजर करा, त्याला चांगला पासवर्ड आणि त्या एकाच फोल्डरची परवानगी.

पर्यायच दिसत नसेल तर फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) जुना आहे. इथं खरी अडचण. आपल्याकडं बरीच मशीन बाहेरच्या देशातून लीज संपल्यावर येतात, इथं साफसूफ करून विकली जातात. त्यांना फर्मवेअर द्यायला अधिकृत डीलर तयार नसतो. अशा मशीनच्या हार्डडिस्कवर आधीच्या मालकाचे कागद तसेच राहिलेले मी पाहिलेत. तुमचंही मशीन उद्या एक्स्चेंजमध्ये देताना डिस्क पुसून घ्या, नाहीतर काढून घ्या.

आदित्य_पीसीकेअर

एवढं कशाला ताणताय? त्या संगणकावर सायनिंगची सक्ती काढा, पॉवरशेलमध्ये (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) एका ओळीचं काम आहे. माझ्याकडची बरीच ऑफिसं अशी चाललीत. तालुक्याच्या पतसंस्थेवर कोण हॅकर येणार आहे?

सर्व्हररूम_सांगली

@टोनरड्रम, मनापासून आभार. उद्याच मशीनचं पान उघडून बघतो.

@आदित्य, सायनिंगची सक्ती एका संगणकावर, एसएमबी २ किंवा ३ असताना, ठरावीक मुदतीपुरती आणि लेखी मंजुरी घेऊन काढणं यावर मी विचार करेन. पण आमच्याकडे मागणी तेवढीच नाही, एसएमबी १ चालू करा अशीही आहे. त्याला माझा ठाम नकार आहे. वॅनाक्राय हा संगणक लॉक करून खंडणी मागणारा किडा याच वाटेनं शिरला. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे ला. जवळजवळ दोन महिने पॅच हातात होता, तरी दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक लॉक झाले आणि ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्या रुग्णालयांना कुणी नाव घेऊन निवडलं नव्हतं. किडा नेटवर्कवर उघडं दार शोधत फिरत होता, आत पतसंस्था आहे की दवाखाना याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आणि लहान संस्थांचं म्हणाल तर जुलै २०२४ ची अखेर आठवा. बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचं यूपीआय आणि इतर पेमेंट तात्पुरतं तोडावं लागलं. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. काउंटरवर लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या तिथल्या क्लार्कनी.

माधुरी_कर्जविभाग

दादा, तुमच्या त्या काउंटरवरच्या लोकांच्या जागी मी बसते, दुसऱ्या बँकेत. शिपाईदादांना बोलला नाहीत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे नुसतं परिपत्रक आलं: "ग्राहकांची कागदपत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत, अन्यथा कारवाई." मग कशावर पाठवायची? ते परिपत्रकात नव्हतं. समोरच्या आजींना पाचची एसटी गाठायची असते. ती चुकली तर मुक्काम पडतो.

आणखी एक सांगते, तुम्ही आयटीवाले हे बघतच नाही. स्कॅन चालू असतो तेव्हाही सगळ्या विभागांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये पडतात आणि नावं असतात डॉक००४७३, डॉक००४७४. माझी कुठली, ठेव विभागाची कुठली, कळायला प्रत्येक फाईल उघडायला लागते. उघडताना दुसऱ्याचे कागद दिसतात. मोबाइलवर फोटो काढला की तो माझ्यासमोर लगेच दिसतो, म्हणून लोक मोबाइल वापरतात. सुरक्षित रस्ता कठीण आणि धोक्याचा सोपा करून ठेवलात तर आम्ही सोप्यानंच जाणार. मशीनवर आमच्या नावाचं बटण द्या. "कर्ज" दाबलं की कर्जाच्या फोल्डरमध्ये. बाकी आम्हाला काही नको.

वायरकटर_पुणे

माधुरीताईंचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवा. आता तांत्रिक.

ईमेलवर स्कॅन पाठवायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. जीमेलनं २०२२ च्या मे अखेरीस नुसत्या युजरनेम-पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत वैयक्तिक खात्यांसाठी बंद केली. आता अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. जुन्या मशीनला नवं टीएलएस (मेल पाठवतानाचं एन्क्रिप्शन) जमत नाही, ते वेगळंच. आणि अ‍ॅटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी. रंगीत, ३०० डीपीआयची जाडजूड कर्जफाईल त्यात बसत नाही. वर पुन्हा आधार कार्डं मेलबॉक्समध्ये साठत जाणार.

कॉपियरला काहीच नवं येत नसेल तर त्याला ऑफिसच्या नेटवर्कवरून उचला. बदललेल्या जुन्या संगणकांपैकी एक घ्या, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड घाला आणि लिनक्स टाका. कॉपियरची केबल थेट त्या दुसऱ्या कार्डात. कॉपियर स्कॅन टाकेल एफटीपीनं, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीनं. एफटीपीमध्ये पासवर्ड उघडा जातो, पण तो त्या एका केबलपुरता. ऑफिसच्या बाजूनं तोच फोल्डर सांबामार्फत (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) एसएमबी ३ वर, सायनिंगसकट. दोन्ही बाजूंना सांबाच ठेवायचा मोह होईल, पण किमान आवृत्तीची सेटिंग त्यात सगळ्या सर्व्हरला मिळून एकच असते. कॉपियरसाठी एसएमबी १ उघडलात की ऑफिसच्या बाजूलाही उघडतं. दोन्ही कार्डांमधलं राउटिंग (एकीकडचा डेटा दुसरीकडे जाऊ देणं) बंद ठेवा. प्रिंट कॉपियरवरच निघत असतील तर त्याही कप्स (लिनक्सचं प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर) लावून याच संगणकातून पाठवा, नाहीतर पहिल्याच दिवशी "प्रिंट येत नाही" म्हणून सगळं जुन्यावर न्यायला लावतील. स्कॅनच्या फायली काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातील असं करा.

तुमच्या (आ) बद्दल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंवर सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं, आणि सगळ्या नगांना एकच सोपा डिफॉल्ट पासवर्ड देता येत नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय. त्यात सपोर्टची मुदत साधारणपणे किमान पाच वर्षं आणि ती कधी संपणार ते विकतानाच सांगायचं. कंपन्या तिकडे तारीख देणारच आहेत. तीच तारीख इथल्या डीलरकडून पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्यायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

सर्व्हररूम_सांगली

उशिरा लिहितोय, पण करून लिहितोय.

मशीनच्या पानावर एसएमबी २ चा पर्याय नव्हता. फर्मवेअर "या मॉडेलला मिळणार नाही" असं एजन्सीनं फोनवर सांगितलं. मी ते मेलवर मागून घेतलं, कारण संचालकांसमोर ठेवायला कागद लागतो. मग वायरकटरनी सांगितल्याप्रमाणे जुन्या संगणकावर लिनक्स टाकून तो मध्ये बसवला. स्कॅन जातोय, प्रिंट येतेय, एकाही विंडोजवरची सायनिंगची सक्ती काढावी लागली नाही.

माधुरीताई, कॉपियरच्या पडद्यावर आता "कर्ज", "ठेव", "वसुली", "केवायसी" अशी बटणं आहेत आणि प्रत्येक फोल्डर त्या-त्या विभागालाच दिसतो. फाईलच्या नावात तारीख आणि वेळ येते. बटणं लावल्यावर ग्रुपवर फोटो येणं थांबलं, परिपत्रक काढावं लागलं नाही. जुने फोटो मात्र होतेच. एकेकाशेजारी बसून ग्रुपमधून, गॅलरीतून, रिसायकल फोल्डरमधून आणि फोनच्या क्लाउड बॅकअपमधून काढले. या शेवटच्या जागेचा बहुतेकांना पत्ताच नव्हता. तुमच्याकडे करणार असाल तर तिथे नक्की बघा.

मॅनेजरसाहेबांना वॅनाक्रायचं सांगून उपयोग झाला नाही. जामीनदाराच्या आधारचा शिपाईदादांच्या गॅलरीतला प्रसंग, नाव न घेता, सांगितला तेव्हा ते गप्प झाले आणि पुढच्या मीटिंगला विषय लावा म्हणाले. त्यासाठी हा मसुदा केलाय:

"संस्थेच्या नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या कोटेशनमध्ये सुरक्षा अपडेट मिळण्याची अखेरची तारीख, फर्मवेअर कोण व किती खर्चात देणार, आणि यंत्र परत घेताना त्यातील साठवण पुसून देण्याची हमी नमूद असावी. सिस्टिम विभागाच्या लेखी शेऱ्याशिवाय असे कोटेशन मंजुरीसाठी ठेवू नये."

सेकंडहँड मशीनसाठी वेगळी ओळ हवी का, यावर अडलोय. टोनरड्रम, तुमच्या लाइनीतला डीलर यातून कुठे पळवाट काढेल ते सांगाल का?