लॉगिननंतरचे रिडायरेक्ट: लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर कोरे पान

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी साध्या पीएचपीमध्ये, कोणतेही फ्रेमवर्क न वापरता, सभासदांचे संकेतस्थळ तयार करत आहे. लॉगिनच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच सेशन (लॉगिन केलेला सभासद लक्षात ठेवण्याची सोय) सुरू होते, त्याखाली कॉन्फिगची, म्हणजे सेटिंग्जची, फाइल जोडली जाते, पासवर्ड जुळला की हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवणाऱ्या फंक्शनने सभासदाच्या खातेपानाचे लोकेशन दिले जाते, म्हणजे ब्राउझर तिकडे वळावा (रिडायरेक्ट), आणि लगेच एक्झिट, म्हणजे पीएचपी थांबवणारी आज्ञा, आहे. माझ्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच संगणकावर वेब सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर) हे सुरळीत चालते. मात्र त्याच फाइली शेअर्ड होस्टिंगवर चढवल्या की लॉगिननंतर कोरे पांढरे पान येते, वरचा पत्ता लॉगिनचाच राहतो आणि त्रुटीचा कोणताही संदेश दिसत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत सर्व्हरवरही सर्व ठीक होते. मधल्या काळात मी एवढेच केले, की कॉन्फिगमधील वाचनालयाचे इंग्रजी नाव काढून मराठीत लिहिले. त्याचा रिडायरेक्टशी काय संबंध असावा, हे मला उमगत नाही.

उत्तर १

संदेश दिसत नाही याचा अर्थ तो निर्माण झाला नाही असा नव्हे. चालू सर्व्हरवर त्रुटी पडद्यावर दाखवणे बहुधा बंद ठेवलेले असते आणि त्या एरर लॉगमध्ये, म्हणजे त्रुटींच्या नोंदीच्या फाइलमध्ये, जातात, म्हणून होस्टिंगच्या पॅनेलमधून प्रथम तो लॉग उघडावा. हेडर आधीच पाठवले गेल्याची वॉर्निंग तेथे असेल, तर मजकूर कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीपासून बाहेर पडू लागला हेही त्याच वाक्यात लिहिलेले असते. पुष्कळ जण वॉर्निंगचा पहिला अर्धा भाग वाचून हेडरच्या ओळीशी झटापट करत बसतात, प्रत्यक्षात दोष त्या दुसऱ्या ठिकाणी असतो. तुमच्या एक्झिटमुळे पुढचे काही छापले गेले नाही, म्हणून पान कोरे दिसले.

प्रश्नकर्ता

लॉग सापडला. हेडर आधीच पाठवले गेले असून मजकुराची सुरुवात कॉन्फिग फाइलच्या पहिल्या ओळीवर झाली, असे त्यात आहे. परंतु त्या ओळीवर पीएचपीच्या उघडणाऱ्या टॅगखेरीज काहीच नाही. आधी एखादी मोकळी जागा राहिली असावी म्हणून दोनदा पाहिले.

उत्तर २

ही फाइल आपण जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन केली का? मराठी मजकूर आन्सी या जुन्या अक्षरसंकेतात जतन केला की प्रश्नचिन्हे उमटतात, म्हणून आपण मराठी अक्षरे सामावणारा यूटीएफ-८ हा संकेत निवडला असेल, आणि ते योग्यच होते. फक्त जुने नोटपॅड अशा फाइलच्या अगदी आरंभी बीओएम नावाची ३ बाइटांची खूण घालते. फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ती ईएफ, बीबी, बीएफ अशी दिसते, साध्या एडिटरमध्ये दिसतच नाही. (विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नोटपॅड आपणहून ही खूण लावत नाही.) ती टॅगच्या बाहेर असल्यामुळे पीएचपी तिला पानाचा मजकूर समजते, आणि मजकुराचा पहिला बाइट बाहेर पडायच्या आधी सगळे हेडर रवाना होतात, त्यानंतर दिलेले लोकेशन वाया जाते.

लॅपटॉपवर चालण्याचे कारण असे, की झॅम्पच्या पीएचपी आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये आउटपुट बफरिंग (मजकूर लगेच न पाठवता आधी साठवणे) ४०९६ बाइट ठेवलेले असते, त्यामुळे ते ३ बाइट बफरमध्ये थांबून राहतात; आपल्या होस्टिंगवर ते बंद असावे. तेथे बफरिंग सुरू करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, पण ते दोषावर पांघरूण घालणे झाले. फाइल बीओएमविना यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, आणि शुद्ध पीएचपीच्या फाइलीत शेवटचा बंद करणारा टॅग काढून टाकावा, म्हणजे त्यामागच्या रिकाम्या ओळी हाच घोळ घालणार नाहीत.

प्रश्नकर्ता

तंतोतंत तेच निघाले, आभारी आहे. आता एक जुनीच तक्रार वर आली आहे: आमच्या ग्रंथपाल बाईंना पहिल्या लॉगिननंतर पुन्हा लॉगिनचेच पान दिसते आणि दुसऱ्यांदा पासवर्ड दिला की आत जाता येते. त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लिहिता संकेतस्थळ उघडतात, माझ्या बुकमार्कमधील पत्त्यात मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे. लॉगिन न केलेल्यास परत पाठवण्यासाठी खातेपानावर मी ३०१ या क्रमांकाचे रिडायरेक्ट वापरले आहे.

उत्तर ३

३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. तेच कारण असणार. ३०२ वापरून पाहा.

उत्तर २

३०१ येथे चुकीचे आहे हे मान्य. तात्पुरत्या वळणाला ३०२ आणि फॉर्म स्वीकारल्यानंतर ३०३ शोभते. परंतु या तक्रारीचे ते कारण नव्हे. सेशन सुरू केले की पीएचपी स्वतःच साठवून ठेवू नये असे सांगणारे कॅश हेडर पाठवते (त्यांच्यासोबत १९ नोव्हेंबर १९८१ ही मुदत दिसली तर गोंधळून जाऊ नये), आणि ३०१ लक्षात राहिले असते तर दुसऱ्यांदाही आत जाता आले नसते. लॉगिननंतरचे लोकेशन आपण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह पूर्ण पत्ता देऊन लिहिले असावे. सेशनची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण), डोमेन वेगळे नेमून दिले नसेल तर, ज्या होस्टने, म्हणजे संकेतस्थळाच्या ज्या पत्त्याने, दिली त्यालाच परत जाते; बाईंना ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यावर मिळाली, खातेपान मात्र दुसऱ्या पत्त्यावर उघडले. तिथून परत आल्यावर त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवरच होत्या, म्हणून दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. लोकेशनमध्ये तिरक्या रेघेने सुरू होणारा सापेक्ष (संकेतस्थळाचे नाव नसलेला) पत्ता द्यावा. १९९९ च्या एचटीटीपी मानकात पूर्ण पत्ताच हवा असे, २०१४ पासून सापेक्षही चालतो. शिवाय दोहोंपैकी एक पत्ता पक्का करून दुसऱ्यावरून तिकडे वळवण्याचे काम वेब सर्व्हरवर सोपवावे. तेथे ३०१ योग्य ठरेल.

जाता जाता: खातेपानावरच्या रिडायरेक्टनंतरही एक्झिट आहे ना? हेडर दिल्याने पीएचपी थांबत नाही.

प्रश्नकर्ता

सापेक्ष पत्ता दिल्यावर बाईंचे लॉगिन पहिल्या प्रयत्नात झाले. खातेपानावर एक्झिट होते. सभासदांच्या यादीच्या पानावर मात्र नव्हते. कर्लने (ब्राउझरशिवाय पान मागवणारे साधन) लॉगिन न करता ते मागवले, तेव्हा वर ३०२ आणि त्याखाली दूरध्वनी क्रमांकांसह अख्खी यादी आली. आता तेथेही एक्झिट घातले आहे.