जुनं घर: पाडून ‘ग्रीन’ बांधायचं की आहे तेच सुधारायचं?

चुनखडी:
जुनं घर पाडून तिथे ‘ग्रीन होम’ बांधलं, असं हल्ली मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना त्या दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. नव्या घरात राहायला जाण्याआधीच हा हिशेब आपल्या नावावर चढलेला असतो. जुन्या इमारतींच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘प्रिझर्व्हेशन ग्रीन लॅब’नं २०११ मध्ये अभ्यास केला होता. जुन्यापेक्षा ३० टक्के कमी ऊर्जा खाणारी नवी इमारत बांधली, तर बांधकामामुळे हवामानाचं झालेलं नुकसान भरून यायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षं लागतात, असं त्यात निघालं.

पाया आणि भिंती धड असतील तर पाडण्याचा विषयच काढू नये, असं माझं मत. बोला.

सळई१२:
‘धड असतील तर’ म्हणून तुम्ही सगळा वाद अर्ध्या वाक्यात उरकलात. धड आहेत हे ठरवणार कोण, रंगारी?

काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर आतली सळई सुरक्षित. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, अल्कता उतरते आणि ओल मिळाली की सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून वरचं काँक्रीट फुटून पडतं. अशा स्लॅबवर सोलर पॅनेल चढवणाऱ्याला मी पर्यावरणप्रेमी म्हणणार नाही. आणि तुमच्या अभ्यासात नवी इमारत फक्त ३० टक्के सरस धरली आहे. आज नीट डिझाइन केलेलं घर त्याच्या कितीतरी पुढे जातं. मग ती वर्षं कमी होणार की नाही?

चुनखडी:
होतील. पण तेच इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), त्याच खिडक्या जुन्या घरालाही बसवता येतात. तुलना करायची तर नव्या घराची सुधारलेल्या जुन्या घराशी करा, पडक्याशी नको.

ओल_आली:
दोघंही पाडू की ठेवू यावर अडलात. जुनी घरं बहुतेकदा सुधारणेच्या नावाखालीच बिघडतात, त्यावर कुणी बोलेल का?

चुन्यात बांधलेल्या दगड-विटांच्या भिंतीत ओल शिरते आणि वाळतेही, कारण चुना वाफ बाहेर जाऊ देतो. मग कुणीतरी ‘मजबुती’साठी त्यावर सिमेंटचा गिलावा मारतं, वर प्लास्टिक पेंट. झालं! ओल आत कोंडते, क्षार वर येतात, लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन आणखी एक थर चढवतो.

इन्सुलेशनचंही तेच. थंड हवेत भिंतीला आतून जाड थर लावला की मूळ भिंत गार पडते. घरातली वाफ त्या थरामागे जाऊन पाणी होते आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं कुजायला लागतात. बाहेरून वरचा रंग छान दिसत असतो, म्हणून हे वर्षानुवर्षं कळतही नाही. त्यामुळे क्रम असा हवा: आधी छप्पर, पन्हळी आणि पायाजवळचं पाणी, मग फटी बुजवणं, पण हवा खेळती ठेवून. यंत्रं सगळ्यात शेवटी. बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारा हीट पंप एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता देतो हे खरं, पण गळक्या घराला आधी बसवला तर गरजेपेक्षा मोठा घ्यावा लागतो.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुने सिमेंटचे पत्रेही स्वतः फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉसचे घातक तंतू असू शकतात. इथे हौस नको.

जिना_नको:
कार्बन, चुना, सळया... घरात माणसंही राहतात हो! उभा जिना, अरुंद दारं, बाथरूम वरच्या मजल्यावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या भिंती वाफ सोडतात याचं काय कौतुक? तुमच्या टिकाऊपणात म्हातारपण कुठे बसतं तेवढं सांगा.

ओल_आली:
तळमजल्यावर एक खोली आणि बाथरूम काढायला घर पाडावं लागत नाही. पण मधली भिंत काढण्याआधी ती भार पेलते का, हे अभियंत्याकडून बघून घ्या.

जिना_नको:
आणि ती भार पेलत असेल तर?

सळई१२:
तर वर पोलादी तुळई टाकावी लागते, तिच्या दोन्ही टोकांचा भार पायापर्यंत न्यावा लागतो आणि त्या जागी पाया पुरेसा आहे का हे खणून पाहावं लागतं. अशा दोन-तीन भिंती काढल्यावर ‘जुनं घर’ म्हणून उरतं काय? दर्शनी भिंत. त्यापेक्षा विटा-लाकूड जपून उतरवा आणि नव्यात वापरा.

चुनखडी:
चुन्यातल्या विटा सुट्या होतात, मान्य. सिमेंटमधल्या फुटतात. म्हणजे तुमचं नवं घर पुढच्या पिढीला असं उतरवताही येणार नाही. त्याचं काय करताय ते आधी सांगा, मग पाडायचं बोलू.