मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलाला फुटबॉलमध्ये कायम गोलकीपरच ठेवतात, काय करावं?

मुक्ता_पुणे

नमस्कार मंडळी,

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. अंगाने जरा भरलेला. सुट्टीत घराजवळच्या टर्फवर फुटबॉलच्या क्लासला घातला आणि चक्क टिकला. याआधी स्केटिंग, कराटे, पोहणं, सगळं एकेका महिन्यात गुंडाळून झालंय. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास जातो, बूट स्वतः पुसतो.

अडचण अशी की सर त्याला पहिल्यापासून गोलमध्येच उभं करतात. पळायला मंद, हे कारण. आम्ही घातला होता तो पळापळ व्हावी, दम वाढावा, मुलांत मिसळावं म्हणून. प्रत्यक्षात बराच वेळ तो दोन खांबांमध्ये उभा असतो आणि गोल झाला की सगळी पोरं त्याच्याकडे बघतात. त्यात हल्ली खेळून आला की टाचा दुखतात म्हणतो, सकाळी जरा लंगडतोही. सासूबाई म्हणतात बंदच करा. सासरे मूळचे कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. त्यांच्या मते गोलकीपर हाच खरा गडी आणि आम्ही उगाच रडतोय. नवरा तटस्थ (नेहमीप्रमाणे).

गोलमध्ये राहून मुलाच्या शरीराला कितपत फायदा होतो? या वयात जागा ठरवून टाकणं बरोबर आहे का? टाचेसाठी खेळ थांबवावा का? आणि हेडर (चेंडू डोक्याने मारणं) शिकवतात त्याची मला धास्ती वाटते. क्लास बदलायचा विचार आहे, पण तो नको म्हणतो, तिथे मित्र झालेत. जाणकारांनी सांगावं.

----

पेठेतला_पाव्हणा

ताई, आधी सासऱ्यांना नमस्कार सांगा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या संघांचा सामना ज्यानं बघितलाय, त्याला गोलकीपरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण ते मोठ्यांचं झालं. आमच्या गल्लीत नियम असा होता की ज्यानं गोल खाल्ला तो बाहेर, दुसरा आत. मार्गदर्शक कोण नव्हता, पण त्यामुळं प्रत्येकाला पळायला पण यायचं आणि अडवायला पण. नऊ वर्षाच्या पोराला 'तू गोलीच' म्हणून शिक्का मारणं मला पटत नाही.

आणि मंद आहे म्हणून गोलमध्ये, हे तर उलटंच. मंद आहे त्यालाच जास्त पळवायला पाहिजे की. पळायला शिकवायचे पैसे घेतात ना?

आता सासरे अनिकेत जाधवचं नाव काढतील, काढू द्या. कोल्हापूरचं पोरगं २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळलं, अभिमान आहेच. पण सगळ्या पोरांना तिथं पोचायचं नसतंय.

----

फिजिओ_काकू

मुलांच्या टाचांवर रोज बोलते, म्हणून थोडं सविस्तर.

साधारण आठ ते चौदा या वयात खेळणाऱ्या मुलांची टाच दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे सिव्हर्स नावाचा त्रास. टाचेच्या हाडाची वाढीची जागा या वयात अजून मऊ असते आणि पोटरीचा जाड स्नायूबंध तिथेच येऊन चिकटतो. उंची भराभर वाढत असली की पोटरी ताठ राहते, पळताना-उडी मारताना ती जागा ओढली जाते आणि दुखते. दोन्ही टाचा दुखणं, खेळल्यावर वाढणं, सकाळी लंगडणं, सगळं याच्याशी जुळतं. वाढीची जागा पक्की झाली की त्रास आपोआप संपतो, हाड कायमचं बिघडत नाही. तरी इथे वाचून निदान करू नका, एकदा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. सूज असेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठवेल असं दुखत असेल किंवा एकाच टाचेला खूप दुखत असेल तर लगेच.

तोवर खेळ बंद करायची गरज सहसा पडत नाही, कमी करावा लागतो. तीनऐवजी दोन संध्याकाळी, उड्या कमी, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळून बर्फ, पोटरी ताणायचे व्यायाम रोज, बुटात टाचेखाली मऊ पॅड. बूट कोणते आहेत तेही बघा. टर्फवर लांब स्टडचे (तळाला लांब टोकं असलेले) बूट घालून मुलं येतात, टाचेवर सगळा भार येतो. बारीक, दाट टोकं असलेले टर्फचे बूट घ्या. अनवाणी मात्र फिरू देऊ नका. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत असा एक ढोबळ नियम आहे, तुमचे साडेचार होतात, म्हणजे अति नाही.

फायद्याबद्दल: जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडं-स्नायूंना ताकद देणारी. फुटबॉलमधलं थांबणं, वळणं, उडी, पुन्हा सुटणं यातून दोन्ही मिळतं. हाडाला असे उलटसुलट धक्के लागतात, त्यानेच ते भरतं. गोलकीपरला उड्या आणि झेप मिळते, हात-डोळा जुळतो, पण दमाचा व्यायाम बराच कमी. तुमची शंका रास्त आहे.

एक गोष्ट सरांना जरूर विचारा: सुरुवातीला वॉर्मअप काय घेतात? मैदानाला दोन फेऱ्या म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाचा मुलांसाठी '११ प्लस किड्स' नावाचा सात व्यायामांचा संच आहे: एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, पडायला शिकणं वगैरे. युरोपातल्या ४ देशांत ७ ते १३ वर्षांच्या मुलांवर तो तपासला तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. खर्च शून्य.

----

स्टुटगार्टकर

आमच्याकडे जर्मनीत याच प्रश्नावर देशभराचा खेळच बदलला. २०२४-२५ च्या हंगामापासून जर्मन फुटबॉल संघटनेने अगदी लहान मुलांचे सामने २ विरुद्ध २ किंवा ३ विरुद्ध ३ केले. छोटं मैदान, चार छोटे गोल आणि गोलकीपरच नाही! सात-आठ वर्षांच्या मुलांना ३ विरुद्ध ३ किंवा ५ विरुद्ध ५. गुणतक्ता नाही. एका दिवशी बाजूबाजूला बरीच मैदानं आखतात. जिंकलेला संघ एक मैदान वर, हरलेला एक मैदान खाली, म्हणजे थोड्या वेळात प्रत्येक जण आपल्या बरोबरीच्यांशी खेळतो. राखीव मुलं ठरलेल्या क्रमाने आत येतात, प्रशिक्षकाच्या मर्जीने नाही.

इथेही जुन्या मंडळींनी बोंब मारली की अशाने पोरं मऊ होतील. माझी मुलगी यात खेळते. पूर्वी मोठ्या मैदानावर ती कडेला फुलं तोडत बसायची, आता तिला तेवढी उसंतच मिळत नाही.

भारतातही २०१८ मध्ये फुटबॉल महासंघाने बेबी लीग सुरू केल्या, लहान संघ, मुलं-मुली एकत्र. तुमच्या सरांना हे परकं वाटू नये.

----

मुक्ता_पुणे

बापरे, इतकं सविस्तर! काकू, एकाच नाही, दोन्ही टाचा दुखतात. शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली. बूट खरंच लांब स्टडचे निघाले, दुकानदाराने 'प्रो' म्हणून गळ्यात मारले होते.

हेडरबद्दल कोणी बोललं नाही.

----

फिजिओ_काकू

हो, राहिलंच. अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद आहे, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात शिकवत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाला त्याची काहीच गरज नाही. सरांना सरळ सांगा, यात संकोच नको. चेंडूही ४ नंबरचा आहे ना बघा, ५ नंबरचा मोठ्यांचा.

----

मडगावची_मावशी

थोडं वेगळं बोलते. माझी भाची गोलकीपर आहे, स्वतः मागून घेतलेली जागा. गोलमधून सगळं मैदान दिसतं, त्यामुळे 'डावीकडे बघ', 'मागे ये' असं मोठ्याने सांगावंच लागतं. घरात चार माणसांत न बोलणारी पोर मैदानात दहा जणांना ओरडते. गोल खाल्ल्यावर पुढच्या चेंडूला उभं राहणं हेही तिथेच शिकली. त्यामुळे गोलकीपिंगला शिक्षा समजू नका. फक्त मुलाला विचारा, त्याला आवडतं का. आणि गोल झाल्यावर बाहेरून आईबाप काय ओरडतात तेही ऐका. आमच्याकडे प्रशिक्षकाने पालकांना टाळ्यांपलीकडे तोंड उघडायची बंदी घातली, त्याने मोठा फरक पडला.

----

पेठेतला_पाव्हणा

मावशींशी सहमत. ओरडणारे बाप आमच्याकडे पण कमी नाहीत.

----

मुक्ता_पुणे

थोडी खबर. मुलाला विचारलं तर म्हणाला, "गोलमध्ये आवडतं, पण रोज नको. आणि आदित कधीच गोलमध्ये जात नाही, तो पण जायला पाहिजे." म्हणजे त्याचा राग जागेवर नाही, पाळी नसण्यावर आहे. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं.

डॉक्टरांनी सिव्हर्सच सांगितलं. दोन आठवडे कमी खेळ, पोटरी ताणायचे व्यायाम आणि टाचेचे पॅड. सरांशी बोलले. हेडर लगेच बंद केलं. सरावात पाळीपाळीने सगळे गोलमध्ये जातील म्हणाले, सामन्यात मात्र त्यालाच ठेवणार, "कारण तो चांगला अडवतो". सासरे खूश. मी अर्धी खूश. पुढच्या महिन्यात टर्फवर चार संघांची स्पर्धा आहे. निदान एका सामन्याचा अर्धा वेळ त्याला गोलबाहेर खेळवा असं सरांच्या मागे लागायचा विचार आहे. आणखी काही पालकांना बरोबर घेऊन बोलावं की एकटीनेच?