शब्दचर्चा : ख्रिस्ताचा जन्म 'ख्रिस्तपूर्व ४' मध्ये?

लालशाई : शाळेच्या वार्षिकांकाची मुद्रितं तपासतोय. नववीतल्या एका मुलीच्या लेखात वाक्य आहे, 'येशू ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व ४ च्या सुमारास झाला असावा.' समासात ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं आणि मग मीच अडकलो. माणूस स्वतःच्या आधी कसा जन्मेल? चूक वाक्याची की शब्दाची?

आकडेमोड : वाक्य चोख आहे, पोरीला गुण द्या. घोळ शब्दाचा.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत आहे. हेरोद मेला कधी? ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो की त्याच्या मरणाच्या थोडं आधी चंद्रग्रहण झालं आणि पाठोपाठ ज्यूंचा वल्हांडण सण आला. या वर्णनाला इ.स.पू. ४ मधलं १३ मार्चचं ग्रहण बसतं. काही जण इ.स.पू. १ चं ग्रहण धरतात, पण बहुतेक अभ्यासक ४ वरच आहेत. शिवाय हेरोदाने दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगितली अशी कथा आहे, म्हणून जन्म इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान धरतात.

आता सन कुठून आला ते पाहा. ५२५ साली रोममध्ये डायोनिसियस एक्झिगुअस नावाचा साधू ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करत बसला होता. तोवर तसल्या कोष्टकांत वर्षं मोजत डायोक्लेशियन बादशहाच्या नावाने. ज्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्याचं नाव रोज कशाला घ्यायचं, म्हणून याने प्रभूच्या जन्मापासून मोजायला घेतलं. सव्वापाचशे वर्षांनी मागे जाऊन बांधलेला हिशेब तो, चारसहा वर्षं चुकला यात नवल नाही.

कोरापान : पण दुसरा शुभवर्तमानकार लूक तर नावनिशीचा दाखला देतो ना? क्विरीनिय सूरियाचा (म्हणजे सीरियाचा) रोमन सुभेदार असतानाची. ती इ.स. ६ ची.

(मराठी बायबलातला हा 'नावनिशी' शब्द मला फार आवडतो. 'जनगणना' म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त फॉर्म येतो.)

आकडेमोड : हो, आणि तोच लूक गोष्टीची सुरुवात हेरोदाच्या काळात करतो. दोन्ही एकदम खरं मानायचं तर दहाएक वर्षं गिळावी लागतात. म्हणून मी हेरोदाच्या बाजूने.

वसईकर : आमच्याकडे नाताळ म्हणजे सण, जन्माचा दाखला नव्हे. २५ डिसेंबर ही तारीख चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. ती लेखी सापडते ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात. सूर्यदेवाच्या उत्सवावरून घेतली म्हणा, की २५ मार्चच्या गर्भधारणेत नऊ महिने मिळवले म्हणा, दोन्ही मतं आहेत. आर्मेनियन चर्च अजून ६ जानेवारीलाच साजरा करतं.

शब्दचर्चा आहे म्हणून : 'नाताळ' हा पोर्तुगीज, मुळात लॅटिन, अर्थ 'जन्माचा'. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यापाशी होता, तिथलं नावही तेच, गांधीजींचं नाताळ.

लालशाई : तारीख राहू द्या. 'ख्रिस्तपूर्व' काढून 'इसवी सनापूर्वी' घातलं तर चालेल?

कोरापान : त्याने काय साधलं? 'इसवी' म्हणजे ईसाचा. येशूचंच अरबी नाव. 'सन' सुद्धा अरबी, वर्ष. फिरून तिथेच!

आकडेमोड : व्युत्पत्तीने तिथेच, कानाला नाही. आपण येशू म्हणतो, ईसा म्हणत नाही, त्यामुळे 'इसवी'तला माणूस झिजून गेलाय. उरलाय तो नुसता सन, मोजणीचा खुंटा. 'ख्रिस्तपूर्व' मात्र सरळ माणसाकडे बोट दाखवतो. शालिवाहन शकाचं तेच. जुन्या लेखांत नुसताच 'शक' आहे, शालिवाहन मागाहून चिकटला. म्हणून कोणी पंचांग फाडत नाही.

मुलीला एवढं जरूर सांगा की इ.स.पू. १ संपलं की थेट इ.स. १ लागतं, मध्ये शून्य नाही. इ.स.पू. ४ ते इ.स. ४ ही सात वर्षं, आठ नव्हेत. आपले पंचांगकर्ते शकाची सरलेली वर्षं मोजतात, त्यामुळे तिथे शून्याला जागा मिळते. मात्र शकाचा इसवी करताना ७८ आणि ७९ ची भानगड आहेच. शिवरायांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला, ७८ मिळवले तर १६२९. पण फाल्गुन येईतो जानेवारी उलटलेला असतो, म्हणून १६३०. जयंतीच्या वादात तिथीवाले आणि तारीखवाले भांडताना ही बेरीज हटकून चुकते.

वसईकर : 'इसवी सन पूर्व' असं तोडून लिहू नका एवढंच. एक तर 'इसवी सनापूर्वी', नाहीतर 'इ.स.पू.'

लालशाई : ठरलं, 'इ.स.पू. ४' केलं.

लालशाई : परत आलो. लेखाचं शीर्षक वेगळ्या पानावर होतं, आत्ता पाहिलं : 'ख्रिस्तपूर्व ख्रिस्त'. पोरीने जाणूनबुजून लिहिलंय सगळं. दुरुस्ती खोडली, प्रश्नचिन्हही खोडलं, पान तसंच छपाईला धाडतोय.