पोरं मारामारी करतात तेव्हा दोघंही खरं बोलत असतात?? वोल्पर्टच्या प्रयोगाबद्दल

दोन_दिवट्यांची_आई:
आमच्याकडे ८ आणि ११ वर्षांचे दोन आहेत. रोज सुरुवात टपलीने, शेवट गुद्द्याने, आणि मग दोघंही भोकाड पसरून एकच सांगतात, मी त्याने मारलं तेवढंच परत मारलं, त्यानेच जास्त जोरात मारलं. मी आजवर दोघांनाही खोटारडे म्हणत आले. काल ऑफिसात एकाने सांगितलं की डॅनिएल वोल्पर्ट म्हणून कोणी मेंदूशास्त्रज्ञ आहे, त्याने यावर चक्क प्रयोग केलाय आणि त्याच्या हिशोबाने दोघंही खरं बोलतायत. खरंय का हे? की नुसती गंमत? मी कॉमर्सवाली, जरा सोपं करून सांगा.

न्यूरोवाला:
खरंय ताई. २००३ मध्ये सायन्स साप्ताहिकात आलाय, शेरगिल, बेज, फ्रिथ आणि वोल्पर्ट यांचा, अगदी छोटासा पेपर. दोन माणसं, प्रत्येकाच्या बोटावर मोटरची दांडी, आळीपाळीने एकमेकांचं बोट दाबायचं आणि सूचना एकच, तुला जेवढा जोर जाणवला तेवढाच परत लाव. समोरच्याला काय सांगितलंय ते दोघांनाही माहीत नाही. तरी प्रत्येक फेरीला जोर वाढतच गेला!

का, तर मेंदू हाताला हुकूम सोडतो तेव्हाच त्याची कॉपी ठेवून अंदाज बांधतो की आता काय जाणवणार, आणि जाणिवेतून तेवढं कापून टाकतो. स्वतःचा मार म्हणून हलका वाटतो, दुसऱ्याचा पूर्ण लागतो. तोच जोर बोटाने न लावता जॉयस्टिकने लावायला दिला तर माणसं बरीच अचूक निघाली. आणि गंमत म्हणजे २००५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर हेच केलं तर ते निरोगी लोकांपेक्षा जास्त अचूक! म्हणजे ही कापाकापी त्यांच्यात कमी होते.

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत तेही ह्याच कारणाने. ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि फ्रिथ यांनी १९९८ मध्ये स्कॅनरमध्ये घालून बघितलं, त्यात लहान मेंदूचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या, हालचाल सांभाळणाऱ्या भागाचा हात दिसला. नंतर मध्ये रोबो ठेवला, एका हाताने तो हलवायचा आणि तो दुसऱ्या तळव्याला गुदगुल्या करणार. रोबो सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा हलवला की स्वतःच्याच गुदगुल्या जास्त जाणवायला लागल्या.

फिजिओताई:
घरी करून बघा. तळहातावर जाडजूड पुस्तक ठेवा आणि दुसऱ्या हाताने स्वतःच उचला, हात जागचा हलत नाही. मग डोळे मिटा आणि मुलाला उचलायला सांगा, हात टुणकन वर जातो. रिकामा सिलेंडर भरलेला समजून उचलल्यावर जसं होतं तसंच.

आमच्याकडे लहान मेंदूला मार बसलेले पेशंट येतात. माझ्या बोटाला बोट लाव मग नाकाला लाव म्हटलं की नाकाजवळ येताना हात थरथरतो, नेम चुकतो. ताकद असते हो, अंदाज नसतो. कॉलेजात हे मी नुसतं लक्षण म्हणून पाठ केलं होतं, इंटर्नल मॉडेल, म्हणजे मेंदू आतल्या आत हा जो अंदाज बांधतो ते, वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

खवचट_काका:
कौतुक पुरे, थोडं मीठही घ्या. हुकमाच्या कॉपीची कल्पना वोल्पर्टची नाही, १९५० मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटलश्टेट या संशोधकांनी मांडली, त्याआधी एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ हा शास्त्रज्ञ होताच. आणि फेल्डमन, लाटाश वगैरे हालचालींचा अभ्यास करणारी मंडळी म्हणत आलीत की मेंदू असली गणितं करतच नाही. शिवाय वोल्पर्ट टेड टॉकमध्ये ती समुद्रातल्या प्राण्याची गोष्ट सांगतो ना, खडकाला चिकटला की हालचाल संपली म्हणून स्वतःचा मेंदूच खाऊन टाकतो, ती जरा रंगवलेली आहे. मोठेपणी त्याच्याकडे नवी मज्जागाठ, छोटासा मेंदूच म्हणा, असतेच.

न्यूरोवाला:
काका, मान्य. पण जुनी कल्पना मोजता येईल अशी करणं हेच तर काम आहे. वोल्पर्ट हा मूळचा डॉक्टर माणूस, २००५ मध्ये केंब्रिजला गेला तो इंजिनिअरिंगचा प्रोफेसर म्हणून, आता कोलंबिया विद्यापीठात आहे. १९९५ चा त्याचा गहरामानी आणि जॉर्डन यांच्याबरोबरचा पेपर बघा, रॉकेटवाल्यांचं काल्मन फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांची सांगड घालायचं गणित, त्याने हाताला लावलं. १९९८ मध्ये हॅरिसबरोबर दाखवलं की स्नायूला जेवढा मोठा हुकूम तेवढी त्यात गडबड जास्त, आणि तिच्यामुळे होणारी चूक कमीत कमी ठेवायची, एवढं धरलं तरी हाताची वळणदार चाल आपोआप निघते. २००४ मध्ये कॉर्डिंगबरोबर, की दिसतंय ते अंधुक असेल तर माणूस आधीच्या अनुभवावर जास्त टेकतो. १४० च्या स्पीडचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात येतो, बॅट्समनला नुसतं बघून कुठे जमणार, अंदाजच लागतो. या कामाशिवाय आज मोटर कंट्रोलचं, म्हणजे मेंदू हालचाल कशी चालवतो त्याचं, पुस्तक लिहून दाखवा.

दोन_दिवट्यांची_आई:
पुस्तकाचा प्रयोग केला, माझा हात वर गेला आणि पुस्तक उचलणाऱ्याच्या हनुवटीला लागला. आता तो म्हणतोय आईने मुद्दाम मारलं, आणि धाकटा साक्षीदार.