फॉग लाइटची काच तडकली: त्याजागी पॉलिकार्बोनेट बसवता येते का?

वणी_राजूर_रोड
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो, २०१३ ची. बंपरवर बाहेरून बसवलेले गोल फॉग लाइट आहेत, साडेतीन इंची, काच खरी, बल्ब एच-३, १२ व्होल्ट ५५ वॅट. उजव्या काचेच्या खालच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला आहे आणि तिथून वर भेग गेली आहे. डावीला केसासारखी चीर आहे, पण अजून पाणी आत जात नाही. रस्ता कोळशाच्या ट्रकांचा, गिट्टी सारखी उडत राहते, त्यामुळे पुन्हा खरी काच टाकायची इच्छा नाही. डिसेंबर-जानेवारीत वर्धा नदीच्या पट्ट्यात पहाटे धुवारी पडली की कापसाची बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते, म्हणून त्याआधी काम उरकायचे आहे.

नुसती काच बदलता येते का? बोर्ड बनवणाऱ्याकडे ३ मिमीची पारदर्शक शीट मिळते, ती चालेल का? ५५ वॅटच्या उष्णतेने वितळणार तर नाही? आणि चिकटवायची कशाने?

दिवेवाला_वरोरा
भाऊ, काचेआधी आतला रिफ्लेक्टर बघा. मागचे रबर काढून बल्ब बाहेर घ्या आणि टॉर्च आत मारा. चकाकी सगळीकडे सारखी असेल तरच काच बदलण्यात अर्थ आहे. खालच्या बाजूला दुधी डाग, काळे ठिपके किंवा सोललेला पापुद्रा दिसला तर तो दिवा संपला. ती चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, पाण्याने एकदा उडाला की पुन्हा चढत नाही. आणि कृपा करून आत कपडा फिरवू नका. कोरड्या मऊ कपड्यानेही तो थर निघून येतो. धूळ असेल तर हवेच्या रबरी फुग्याने फुंकर मारा, बस.

दुसरे, काचेवर बोट फिरवून बघा, आतूनही आणि बाहेरूनही. उभ्या रेघा किंवा पट्ट्या लागतात का? जुन्या फॉग लाइटमध्ये उजेड दोन्ही बाजूंना पसरवायचे काम याच रेघा करतात. अशा दिव्यावर सपाट शीट बसवली तर उजेड मधोमध गोळा होतो आणि रस्त्याच्या कडा अंधारात राहतात. म्हणजे फॉग लाइट लावून उपयोग काही नाही. काच पूर्ण गुळगुळीत असेल आणि रिफ्लेक्टरवरच चौकोनी पैलू पाडलेले असतील, तर उजेडाचा आकार रिफ्लेक्टर ठरवतो. तिथे सपाट शीट चालते.

आता शीटचे. बोर्डवाल्याकडे बहुतेक वेळा ॲक्रेलिक असते, आणि तो ‘तेच ते’ म्हणून देते. ते घेऊ नका. ॲक्रेलिक १०० अंशाच्या आसपास मऊ पडते आणि खडा लागला की फुटते. पॉलिकार्बोनेट हे दुसऱ्या जातीचे पारदर्शक प्लास्टिक, ते साधारण १३० अंशापर्यंत आकार धरून राहते आणि मार काचेपेक्षा, ॲक्रेलिकपेक्षा कितीतरी जास्त सोसते. ओळखायचे सोपे आहे: एक चिंधडी मागून घ्या आणि पक्कडीत धरून वाकवा. ॲक्रेलिक कट्‌कन तुटते, पॉलिकार्बोनेट वाकते, पण तुटत नाही. अजून शंका असेल तर तुकडा पेटवा. ॲक्रेलिक स्वच्छ ज्योतीने जळत राहते, पॉलिकार्बोनेट काजळी सोडते आणि ज्योत बाजूला घेतली की बहुतेक आपोआप विझते.

५५ वॅटला पॉलिकार्बोनेट टिकते, पण दोन अटींवर. बल्बच्या समोर जी छोटी धातूची टोपी असते ती काढायची नाही. ती समोरच्याच्या डोळ्यावर जाणारा थेट उजेड अडवते आणि काचेवर जाणारी उष्णताही. दुसरे, ९० किंवा १०० वॅटचा बल्ब कधीच नाही. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर ओढतात, १५ चा फ्यूज उडते, मग कोणीतरी मोठा फ्यूज टाकते आणि शेवटी वायर वितळते. प्लास्टिकची काच त्याच्या आधीच मधोमध फुगून आलेली असते.

पेचकस_घाटंजी
वरच्या दादांनी बरोबर सांगितले. काच गुळगुळीत असलेल्यांसाठी बसवायची पद्धत लिहितो, कारण बिघाड इथेच होते.

जुनी काच काढताना आधी तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावा, हातमोजे आणि चष्मा घाला. काही दिवे कडेच्या स्टीलच्या रिंगने आणि रबराने बांधलेले असतात. त्यात चिकटवायचे कामच नाही, रिंगचा स्क्रू सैल केला की काच हातात. चिकटवलेल्या दिव्यात काळा मऊ मसाला असेल तर हॉट एअर गनने कड ८०-९० अंशापर्यंत फिरवत फिरवत गरम करा आणि पातळ सुरीने हळूहळू उचला. मसाला कडक असेल तर तो उष्णतेने सुटत नाही, कापावाच लागतो. जबरदस्ती केली तर प्लास्टिकच्या खोबणीची कड तुटते आणि मग पाणी अडवणारे काही उरत नाही.

शीट ३ मिमी. वरची कागदी किंवा प्लास्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नका. बऱ्याच शीटला उन्हापासून वाचवणारा थर एकाच बाजूला असतो आणि कोणती बाजू ते फिल्मवर लिहिलेले असते. ती बाजू बाहेर. उलटी बसली तर आपल्या विदर्भाच्या उन्हात शीट पिवळी पडायला वेळ लागत नाही. बारीक दातांच्या हॅकसॉने कापा, कड आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासा. कडेला खाच राहिली की पुढची भेग तिथूनच सुरू होते.

खोबणीत घट्ट ठोकून बसवू नका. पॉलिकार्बोनेट तापल्यावर काचेच्या सातपट पसरते. ९० मिमीची चकती ८० अंशाने तापली तर जवळपास अर्धा मिमी वाढते. म्हणून चहूबाजूंनी अर्धा मिमी जागा सोडा आणि ती जागा सिलिकॉनने भरा.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचेच. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडते आणि बंद दिव्यात ते रिफ्लेक्टरची चकाकी खाते. न्यूट्रलमध्येही ट्यूबवर ‘पॉलिकार्बोनेटसाठी योग्य’ असे लिहिलेले बघून घ्या, काही प्रकारांनी शीटला बारीक तडे जातात. फेविक्विकसारखे झटपट चिकटणारे गोंद नकोच. त्यांच्या वाफेने काच आणि रिफ्लेक्टर आतून पांढरे पडतात. एम-सील कडक होते, काच पसरताना ते सोबत पसरत नाही आणि कडेने सुटते.

३ मिमीची सलग धार सोडा, मध्ये थांबू नका, काच ठेवून हलके दाबा आणि चार ठिकाणी चिकटपट्टीने धरून ठेवा. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकते. पावसाळ्यात २४ तास पुरतात, पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ४८ तास द्या आणि जवळ ओले पोते टांगा. उन्हात ठेवून घाई केली तर वर साय धरते आणि आतून कच्चे राहते.

काटोल_ऑटो
माझे मत थोडे वेगळे आहे. धंद्याची गाडी असेल तर दिवा उघडण्यात वेळ घालवू नका, प्लास्टिकच्या काचेची तयार जोडी घ्या. घेताना काचेवरचे कोरलेले खुणांचे अक्षर वाचा. युरोपीय नियमानुसार मान्यता मिळालेल्या दिव्यावर गोलात ‘ई’ आणि आकडा असतो, फॉग लाइटसाठी ‘बी’ किंवा ‘एफ ३’, आणि काच प्लास्टिकची असेल तर ‘पीएल’. ‘पीएल’ असलेल्या काचेची ऊन, खडे, रसायने यांची वेगळी तपासणी झालेली असते आणि तिच्यावर कडक थर दिलेला असतो. कापलेल्या शीटवर तसा थर नसते. चिखल पुसून पुसून ती हळूहळू धुरकट होते, आणि धुरकट काच धुवारीत उजेड वर फेकते. मग डोळ्यासमोर पांढरी भिंत उभी राहते.

कसलीही खूण नसलेला दिवा कितीही चकचकीत दिसला तरी परत ठेवा.

वणी_राजूर_रोड
सगळ्यांचे आभार. बघितले. दोन्ही काचांना आतून उभ्या रेघा आहेत. उजव्या रिफ्लेक्टरला खाली रुपयाच्या नाण्याएवढा दुधी डाग पडला आहे, डावा स्वच्छ. म्हणजे शीटचा विषय संपला ना? डावा ठेवून फक्त उजवा नवीन घेतला तर चालेल का? आणि नवीन येईपर्यंत काय करू? कोणी म्हणते काचेवरून शीटचे कव्हर लाव.

दिवेवाला_वरोरा
हो, तुमच्या दिव्यासाठी शीटचा विषय संपला. जोडीच घ्या. एका बाजूला रेघांची काच आणि दुसऱ्या बाजूला पैलूंचा रिफ्लेक्टर असला की दोन दिव्यांचा उजेड दोन तऱ्हेचा पडते, पसारा जुळत नाही आणि वरची कड एका रेषेत आणता येत नाही.

जोडी येईपर्यंत उजवा दिवा वापरू नका, त्याचा बल्ब काढून ठेवा आणि वायरच्या टोकाला टेप गुंडाळा. ओल्या दिव्यात तापलेल्या बल्बवर पाण्याचा थेंब पडला तर बल्बची काच फुटू शकते. डावीच्या चिरेवर पारदर्शक न्यूट्रल सिलिकॉनचा पातळ हात बोटाने दाबून फिरवा, पाणी अडेल. ते तात्पुरतेच.

कव्हरबद्दल: चालते, पण फक्त धड काचेवर आणि काचेपासून ८-१० मिमी अंतर सोडून, खालून-वरून हवा खेळेल असे. शीटच्या दोन पृष्ठभागांवर मिळून साधारण दहावा हिस्सा उजेड परत फिरतो, तेवढे नुकसान धरा. आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल त्या फटीत भरला की काढायला कव्हर खोलावेच लागते. ‘पीएल’ची जोडी बसवणार असाल तर कव्हरची गरज नाही.

पेचकस_घाटंजी
जोडी बसवताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. ब्रॅकेटचा बोल्ट गंजलेला असेल तर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री टाका, पण नवीन दिवा लावण्याआधी ते पूर्ण पुसा. असल्या तेलांनी, पेट्रोलने, थिनरने पॉलिकार्बोनेटला जाळीसारखे तडे जातात, कधी लगेच तर कधी महिन्याभराने. वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल फवारतात, तेव्हा फॉग लाइटवर पिशवी बांधायला सांगा. काच धुवायला साधा शाम्पू आणि भरपूर पाणी. कोरडा चिखल कपड्याने घासला की ओरखडे आलेच.

एच-३ बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागले तर स्पिरिटने पुसा. त्याची एक वायर बॉडीला अर्थ होते, तिथला गंज पॉलिशपेपरने घासून धातू उघडा करा. नवीन दिवा मंद पेटतो अशी तक्रार येते त्यात दोष बहुतेक या अर्थचाच असते.

मागे किंवा खाली एक बारीक श्वासनळी असते, वाकडे रबर. तिचे तोंड खालीच राहिले पाहिजे आणि तिच्यावर सिलिकॉन लावायचे नाही. बरेच जण पाणी जाऊ नये म्हणून तीच बुजवतात, मग आतली दमट हवा बाहेर निघत नाही आणि काच कायम ओली दिसते. धुतल्यानंतर आत हलकी वाफ धरली आणि दिवा पंधरा-वीस मिनिटे लावल्यावर गेली तर काळजी नाही. थेंब खाली साचत असतील तर सील गळते आहे, दुकानदाराकडून बदलून घ्या.

काटोल_ऑटो
एलईडी बल्ब टाकायचा विचार कोणाच्या मनात असेल तर हॅलोजनच्या दिव्यात टाकू नका. हा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नेमकी येत नाही, उजेड वर उधळतो आणि धुवारीत नेमके तेच नको असते. एलईडीच पाहिजे तर अख्खा एलईडी फॉग लाइट घ्या.

शेवटचे काम सेटिंगचे, ते सोडू नका. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, समोर भिंत २५ फुटांवर. जिनिंगच्या किंवा गोदामाच्या भिंतीपुढे जागा मिळते. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा, तिच्या ४ ते ५ इंच खाली दुसरी. अंधारात फॉग लाइट लावा आणि उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येईपर्यंत दिवा झुकवा. मग बोल्ट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना दिवा हमखास थोडा फिरतो. गाडीत मागे नेहमी वजन असते का? मग तेवढे वजन टाकूनच सेट करा, नाही तं मागचे दबते आणि उजेड वर जाते.

आणि तापलेला दिवा घेऊन थेट नाल्याच्या पाण्यात किंवा वॉशिंगवर नेऊ नका. खरी काच अशीच तडकते, खडा लागायची गरज पडत नाही. दहा मिनिटे आधी बंद करा. प्लास्टिकच्या काचेला एवढा धोका नाही, पण आतला गरम हवेचा दाब एकदम उतरला की दिवा श्वासनळीतून पाणी आत ओढतो.

वणी_राजूर_रोड
समजले. ‘पीएल’ खुणेची जोडी मागवतो, बल्ब ५५ चाच ठेवतो. ब्रॅकेटच्या बोल्टला तेल आजच टाकतो.