मदत हवी आहे: 'अ माइटी विंड'ची मराठी सबटायटल्स

अमेरिकन लोकगायकांवरच्या, क्रिस्टोफर गेस्टच्या 2003च्या या मॉक्युमेंटरीची (माहितीपटाच्या थाटातल्या विनोदी चित्रपटाची) मराठी सबटायटल्स करायची आहेत. तांत्रिक बाजू आटोपली आहे: फाइल यूटीएफ-8मध्ये (देवनागरी चालणाऱ्या अक्षरसंकेतात) सेव्ह केली नाही तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसू शकतात, आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने केलेली सबटायटल्स 23.976च्या व्हिडिओला लावली तर दीड तासात जवळपास पावणेचार मिनिटांचा फरक पडतो. हे आकड्यांनी सुटतं. अडतंय ते विनोदापाशी.

संवाद बहुतेक उत्स्फूर्त आहेत. माणसं अडखळतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात, एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. ते 'नीट' मराठीत आणलं की गंमतच मरते. चित्रपटात जुन्या रेकॉर्डला मधलं भोकच नव्हतं, हा किस्सा गंभीर चेहऱ्याने सांगितला जातो. तिथे उद्गारचिन्ह टाकलं तर संपलंच! पण सगळे 'म्हणजे', 'अं' ठेवले तर दोन ओळींत मावत नाही. किती गाळायचे?

गाण्यांचं काय? ती साठच्या दशकातल्या अमेरिकन लोकगीतांची इतकी हुबेहूब नक्कल आहेत की चावटपणा शब्दांत दडलेला राहतो. यमक सोडून नुसता अर्थ द्यावा, की पोवाडा-भारुडाच्या वळणाचं काही करावं? दुसरं मला धोक्याचं वाटतं, गाणी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधून (चित्रपटातली मैफल तिथेच होते) थेट शाहिरी फडात जातील.

आणि चित्रपटातल्या मिकी या गायिकेच्या हातातलं ऑटोहार्प हे तंतुवाद्य? स्वरमंडळ म्हणावं, तर त्यात पट्टी दाबून नको त्या तारा बंद करायची सोय नसते. तसंच ठेवावं का?